क्लारा नावाचं इथं कोणी नाही

"मंग आत्या कायले असते वं घरात? नुसती पाळण्याची दोरी ओढायले?" नूतननं लसूण सोलता सोलता भावजयीला विचारलं.

"दीदी, मी कुठं म्हटलं तुम्ही नाव ठेवू नका?" रुची म्हणाली. "तुम्हीच ठेवा. पोरीच्या कानात तुम्हीच सांगा. फक्त मी म्हणते ते सांगा ना."

"म्हणजे तोंड माझं अन् बोल तुझे. वा बाई! असं तं लाउडस्पीकर पन करते."

लोकेंद्र फस्सकन हसला. बहीण आणि बायको दोघींनी एकदम वळून पाहिलं, तसा तो पुन्हा चहाच्या कपात शिरला.

सकाळचं ऊन अंगणात चांगलं पसरलं होतं. सुखवंता पाय लांब करून पोत्यावर बसली होती आणि तिच्या पायांवर सव्वा महिन्याची नात उताणी पडून आभाळाला लाथा मारत होती. वाटीतलं कोमट तेल घेऊन सुखवंता तिच्या पोटावर गोल गोल हात फिरवत होती. सून कालच माहेराहून, गोंदियाहून, बाळ घेऊन आली होती. लेक तिरोड्याहून चार दिवस आधीच येऊन बसली होती. रविवारी बारसं. गावाला सांगून झालं होतं, आचारी ठरला होता. राहिलं होतं फक्त नाव.

महाराजांनी 'क' अक्षर काढून दिलं होतं. तिथपर्यंत भांडण नव्हतं. 'क'च्या पुढं नूतननं 'कुमुदिनी' आणलं आणि रुचीनं 'कियारा', आणि कालपासून घरात दुसरा विषय नव्हता.

"कुमुदिनी म्हटलं का पोरी शाळेत कुमू-कुमू करून चिडवतील," रुची म्हणाली.

"अन् कियारा? बिस्किटाच्या पुड्याचं नाव वाटते."

ओट्यावर दाढी करत बसलेल्या ग्यानीरामनं गालावरचा फेस तसाच ठेवून निकाल दिला. "अर्थ सांगा पहिले. अर्थ नसलेलं नाव म्हणजे पोचट धान. दिसते भरलेलं, सुपात घेतलं का भुर्र."

"अर्थ आहे ना पापाजी. थांबा." रुचीनं मोबाइल काढला. "इथं लिहिलंय, संस्कृत शब्द."

"कोन्या पोथीतला?" नूतननं विचारलं.

लोकेंद्रनं तोवर आपल्या मोबाइलवर पाहिलं होतं. आमगावला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे या बाबतीत त्याचा शब्द चालत असे. "संस्कृत-फंस्कृत नाई हे. इथं देलं आहे, आयर्लंड देशातलं. काळ्या केसांची."

नूतन लसणाची परात बाजूला ठेवून हसली. "पाहा रे बाबा! पोरीच्या डोक्यावर मोजून चार केस नाईत, अन् काळ्या केसांची म्हने."

रुचीचा चेहरा पडला. ती हट्टानं बोट वर-खाली फिरवत राहिली आणि मग एकदम म्हणाली, "हे बघा, हे नीट लिहिलंय. दोन वेगळी नावं आहेत म्हणे. एक ते आयर्लंडचं. दुसरं इटलीतलं, किआरा, तेच आपलं. आणि ते आलं लॅटिनमधून. लॅटिनमध्ये त्याचं मूळ नाव आहे क्लारा."

सुखवंताचा तेलाचा हात बाळाच्या पोटावर होता तिथंच थांबला.

या घराच्या चार भिंतींत ते नाव आजवर फक्त एकदा बोललं गेलं होतं. त्याला एकतीस वर्षं झाली.

सुखवंता चिचगडच्या पलीकडल्या जंगलातल्या एका लहानशा गावची. तिच्या मायची आधीची तीन लेकरं वर्षाच्या आत गेली होती. चौथ्या खेपेला माय बैलगाडीतून मिशनच्या दवाखान्यात पोचली. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, मागं कोंबड्यांचं खुराडं, आणि एक सिस्टर. सिस्टर केरळची, पंचवीस-सव्वीस वर्षांची, तीन महिन्यांपूर्वी आलेली. मराठी तिला 'कळ येते का' आणि 'जोर लाव' एवढीच येत होती. त्या दिवशी तेवढी पुरली.

ज्या घरात लेकरू जगत नाही त्या घरानं नवं लेकरू विकून टाकायचं, ही तिकडची रीत. जन्मलं की लगेच दुसऱ्या बाईच्या ओटीत घालायचं आणि बदल्यात मूठभर कोंडा घ्यायचा. मग मरण त्या घरी शोधत आलं तरी त्याला त्या घरचं लेकरू सापडत नाही. आई नुसती दाई उरते, दूध पाजणारी. आणि नाव विकत घेणारी ठेवते. बहुतेक जणी 'फेकन' ठेवत, नाही तर 'बिसाहिन', म्हणजे विकत घेतलेली.

मायनं रक्तानं भरलेल्या चादरीवरूनच पोर सिस्टरपुढं धरली आणि कोंडा मागितला. सिस्टरला वाटलं, बाईला भूक लागली. ती पेज घेऊन आली. मायनं पेज बाजूला सारली आणि पुन्हा कोंडा मागितला. दवाखान्यातल्या आयाबाईनं हातवारे करून सौदा समजावला तेव्हा सिस्टर संतापली. माणसं विकायची? मग तिनं मायच्या चेहऱ्याकडं पाहिलं. ती मागं गेली आणि कोंबड्यांच्या डब्यातून मूठभर कोंडा घेऊन आली.

"नाव?" आयाबाईनं विचारलं.

सिस्टरला मराठी बायकांचं एकही नाव अजून येत नव्हतं. "क्लारा," ती म्हणाली. "माझंच घ्या."

ही हकिकत माय आयुष्यभर सांगत असे आणि शेवटी म्हणे, "हे सिस्टरची आहे. मी नुसती सांभाळून राहिली."

पोर जगली. पुढं भाऊही झाला, तोही जगला. चालायला लागल्यापासून क्लारा दर आठवड्याला दवाखान्यात जाई. कधी रानातली भाजी घेऊन, कधी चारोळी घेऊन, बरेचदा रिकाम्या हातानं. संध्याकाळी सिस्टर कंदिलाच्या काचा राखेनं घासत बसे. सात-आठ वर्षांची असताना क्लारानं तिला विचारलं होतं, माझ्या नावाचा अर्थ काय? गावात गोमतीच्या नावाला अर्थ होता, बुधवारी झाली ती बुधिया. क्लारा म्हणजे काय?

"लॅटिन आहे," सिस्टर म्हणाली होती. "रोम म्हणून गाव आहे, तिथली जुनी बोली. आता तिच्यात कुणी भांडत नाही, कुणी भाजी विकत नाही. फक्त प्रार्थना करतात आणि नावं ठेवतात." मग तिनं घासलेली काच उजेडासमोर धरली. "क्लारा म्हणजे अशी. उजळ. आरपार दिसणारी."

"तुझ्या आईनं ठेवलं?"

"नाही गं. घरी मी एलीकुट्टी. सिस्टर झाले त्या दिवशी हे नाव मिळालं."

"मंग एलीकुट्टी कुठं गेली?"

सिस्टरनं काच कंदिलावर बसवली. "ती आहे. आईकडे."

पोरीनं ते शब्दशः घेतलं. केरळात एक घर आहे, तिथं एलीकुट्टी नावाची मुलगी ओट्यावर बसून वाट पाहते, असंच तिला कित्येक वर्षं वाटत होतं.

क्लारा बारा वर्षांची असताना सिस्टरची बदली झाली. त्यानंतर दर नाताळच्या सुमारास एक पत्र येई. एकच पान, मोठी मोठी अक्षरं. प्रिय क्लारा, अभ्यास कर, पाणी उकळून पी, आणि उंची किती झाली ते कळव. क्लारा भिंतीला टेकून उभी राही, माय डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा मोजून तोडी, आणि दोऱ्याची गुंडी पाकिटात घालून पाठवली जाई. सात वर्षांत सात दोरे गेले.

मग एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. आमगावच्या बाजूला बिसेनांकडं, घरचं धान, दोन बैलजोड्या, नवरा निर्व्यसनी. बोलणी झाली तेव्हाच सासूनं तोंड वाकडं केलं होतं. "हे कायचं नाव म्हनायचं? पाहुण्यांनी इचारलं तं आमी सांगावं काय?" नाव तसंही बदलायचंच असतं. लग्नघरी ताटात तांदूळ पसरले आणि ग्यानीरामनं बोटानं त्यात 'सुखवंता' लिहिलं. त्याच्या आजीचं नाव होतं ते. अक्षर सुंदर होतं. सगळ्यांनी वाकून वाचलं, साखर वाटली गेली, आणि दुसऱ्या दिवशी तेच तांदूळ शिजले. तिनंही दोन घास खाल्ले.

वाईट काही नव्हतं. सुखवंता या हाकेला ती महिनाभरात ओ देऊ लागली. माहेरी गेली की माय 'क्लारा' म्हणून हाक मारी. मग वाटे, ती मुलगी इथंच आहे, मायकडे, आपण फक्त मधून मधून भेटायला येतो.

लग्नानंतरच्या जानेवारीत ते पत्र आलं. तिच्या बापानं सिस्टरला लेकीच्या सासरचा पत्ता कळवला होता. गाव, नवऱ्याचं नाव, सगळं बरोबर. फक्त लेकीचं नाव बदललं हे लिहायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याच्यासाठी ते बदललंच नव्हतं.

सुखवंता आतल्या खोलीत सुपानं तांदूळ पाखडत होती. दारात पोस्टमनचा आवाज आला. "क्लारा कोन आहे जी इथं?"

"कोन?" सासूचा आवाज.

"क्लारा. ग्यानीराम बिसेन यांचे घरी, असं लिहून आहे."

"बाबा, माझ्या घरात तीन बाया. मी, माझी जाऊ, अन् सून सुखवंता. क्लारा नावाचं इथं कोनी नाई."

सून घरात येऊन आठच महिने झाले होते. ओसरीवर सासरे बसलेले. नव्या सुनेनं परक्या माणसापुढं पदराआडूनही बोलायचं नसे. एवढंच म्हणायचं होतं, ते माझं आहे. तिचं सूप थांबलं. सूप थांबलेलं सासूला ऐकू जाईल म्हणून तिनं ते पुन्हा हलवायला सुरुवात केली. सायकलची घंटी वाजली, आणि पत्र गेलं.

पुढच्या नाताळात पत्र आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाप तोवर गेला होता. सिस्टरचा पत्ता त्याच्या पत्र्याच्या पेटीत असायचा. भावानं ती पेटी, आत काय आहे हे न पाहता, भंगारवाल्याला देऊन टाकली.

नूतन झाली, लोकेंद्र झाला, सासू-सासरे गेले. भाताची पेज गाळताना, अंगण सारवताना, कधीही, कारण नसताना, सुखवंताच्या मनात एकच प्रश्न येऊन बसे. ते पाकीट सिस्टरच्या हातात परत पडलं तेव्हा तिला काय वाटलं असेल? या नावाची व्यक्ती येथे राहत नाही. जगावी म्हणून मूठभर कोंड्यात घेतलेली पोर. ती मेली असं समजून सिस्टर गेली तीस वर्षं प्रार्थना करत असेल का?

चिचगडच्या त्या दवाखान्याच्या जागी आता सिस्टर लोकांचं मुलींचं वसतिगृह आहे. तिथं जाऊन विचारलं तर कुणीतरी पत्ता सांगेल, हे तिला कितीतरी वर्षांपासून माहीत होतं. माहेरी जाताना बस त्याच फाटकावरून जाई. ती खिडकीतून पाही आणि बसून राही. उतरून काय सांगायचं? मी आतच होती, ऐकून राहिली होती, अन् बोलली नाई?

"मम्मी, तेल गार होतंय," रुची म्हणाली.

सुखवंतानं हात पुन्हा फिरवायला सुरुवात केली. "त्या क्लाराचा अर्थ काय देला आहे?"

"उजळ. तेजस्वी. नामांकित." रुचीला आधार मिळाल्यासारखं वाटलं, ती उत्साहानं पुढं वाचू लागली. "आणि इथं अजून आहे. लॅटिनमध्ये हा शब्द आधी आवाजासाठी होता म्हणे. लांबून साफ ऐकू येणारा आवाज. हाक मारण्यासाठी जो शब्द आहे, त्याच्याच कुळातला. उजेडाचा अर्थ मागून आला."

"पहिले आवाज?"

"हो मम्मी."

"सिस्टरनं मले उजळच सांगतलं होतं."

"कोनती सिस्टर?" नूतननं विचारलं.

"ज्यांनी माझं नाव ठेवलं ते. मी क्लारा होती. एकोनीस वर्षं."

ग्यानीरामनं वस्तरा पाण्यात बुडवला आणि बाहेर काढला, पण गालाला लावला नाही.

मग तिनं सांगितलं. कोंडा, कंदील, दोरे, पत्र. सलग नाही, तुकड्या-तुकड्यांत, मध्ये मध्ये बाळाचे हात छातीवर जुळवत. चार वाक्यांत मावणारी गोष्ट होती. एवढी लहान आहे हे तिलाही आज पहिल्यांदा कळलं.

"माय," नूतन म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात राग. "मी तीस वर्षांची झाली. मले आज सांगून राहिली तू? मी तं अख्ख्या तिरोड्यात सांगत फिरतो का माझ्या मायच्या पोटात कायी राहत नाई."

"बापाले माहीत होतं तुया. त्यानंच तं लिहिलं दुसरं."

"लगनात सगळेच लिहितेत," ग्यानीराम म्हणाला. "मी काय एकट्यानं लिहिलं? अन् पत्राचं मले मालूम नव्हतं. हे मात्र खरं."

"तुमचं नाव घेतलं काय मी?"

"पन माझ्या मायचं घेऊन राहिली ना. ते खोटं नाई बोलली. त्या नावाची बाई घरात नव्हतीच."

"होती. सूप पाखडून राहिली होती."

"मंग बोलली काऊन नाई?"

सुखवंतानं त्याच्याकडं पाहिलं. हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. ग्यानीरामनंच मान खाली घातली. त्या काळी या घरात सुना किती बोलत, हे त्याला ठाऊक होतं.

रुचीनं मोबाइलवर 'सिस्टर क्लारा, केरळ' टाकून पाहिलं. ढीगभर सिस्टर क्लारा निघाल्या. तरुण, म्हाताऱ्या, शाळेत, दवाखान्यात, चर्चच्या पायऱ्यांवर रांगेत. ती एकेक चेहरा सासूसमोर धरत गेली. "ही? ... ही बघा. ही?" सुखवंता प्रत्येक चेहऱ्याकडं नीट पाहून मान हलवत होती. तिला जो चेहरा ओळखता आला असता तो चाळीस वर्षांपूर्वीचा होता, कंदिलाच्या उजेडातला.

"मम्मी," रुचीनं शेवटी हळूच विचारलं, "त्या असतील का पण आता?"

"सत्त्याहत्तर वर्षांची असंल. माझी माय ऐंशीची होऊन गेली."

"सोड रुची, बंद कर ते," लोकेंद्र म्हणाला. "मायले त्रास होऊन राहिला."

"मले नाई होत. तुले होऊन राहिला."

नूतननं पदरानं डोळे पुसले, लसणाची परात पुढं ओढली आणि हार मानल्यासारखं म्हणाली, "जाऊ द्या बाबा. ठेवा कियारा. मायच्या नावाचंच बहीणभावंड आहे तं ठेवा. मी सांगतो कानात."

घरावरचं ओझं उतरलं असं ग्यानीरामला वाटलं. त्यानं वस्तरा गालाला लावला, आरशात पाहत एक पट्टा ओढला आणि वातावरण हलकं करायला म्हणाला, "ठेवा कायी पन. किती दिवसासाठी ठेवून राहिले? लगनात तं बदलनारच आहे. तांदूळ त्यांच्या घरचे, नाव त्यांच्या घरचं."

लोकेंद्र सवयीनं हसला. रुची हसली नाही.

सुखवंतानं नातीला कोरड्या पंच्यात गुंडाळलं, कानामागचं तेल पुसलं आणि तिला रुचीच्या मांडीवर ठेवलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली. पाय मुंग्या येऊन जड झाले होते, ती थोडा वेळ खांबाला धरून उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण ती बोलली तेव्हा शेजारच्या अंगणात धान वाळवणाऱ्या बाईनंही वर पाहिलं.

"आयतवारी बारसं होईल. नाव कियारा, अन् ते लगनात बदलायचं नाई, पाहुणे पाहायले येतील तवाच सांगून देजा. सोमवारी पहिल्या बसनं मी चिचगडले जातो. वसतिगृहात सिस्टर लोकांले पत्ता विचारतो. केरळात असंल तं गोंदियावरून गाडी आहे, तिकडंच जातो. जिवंत नसंल तं जागा पाहून येतो. कोनाले सोबत यायचं असंल तं या, नाई तं मी एकटी जातो. कवा वापस येईन, ते आता सांगत नाई."